उलट्या काळजाची माणसं

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. धोपाव्याकडे जाणारी बोट डोळ्यांदेखत सुटली होती, त्यामुळे वेळच वेळ होता. शेजारी एक रिक्षावाला मोबाईलवर व्हिडिओ बघत होता. कुठल्याशा गावात चोर समजून एकाला झाडाला बांधलेलं. मारणारे पाच-सहा, भोवती उभे साठ-सत्तर. त्यानं तो शेवटपर्यंत बघितला, मग मोबाईल माझ्याकडे करून मलाही दाखवला. मीही शेवटपर्यंत बघितला. फोन खिशात सारत तो म्हणाला, "माणसाची जातच क्रूर, गुरुजी. त्यापेक्षा बिबट्या बरा."

मी मान डोलावली. अशा वेळी डोलावतातच. पण बोट खाडीच्या मध्यावर आली तरी ते 'जातच' काही डोक्यातून उतरेना. मारणारे सहा होते, पण उभे राहिलेले साठ होते. त्यांतल्याच एकानं हात हलू न देता चित्रण केलं होतं. आणि आम्ही दोघं ते बघणारे. या सगळ्यांच्या रक्तातच क्रौर्य आहे असं म्हटलं की हिशेब मिटतो, कुणाला काही विचारायला नको. माणूस जन्मतः निर्मळ असतो आणि परिस्थिती त्याला बिघडवते असं म्हणणाऱ्यांचाही हिशेब असाच झटकन मिटतो. इथे दोष रक्ताला, तिथे परिस्थितीला. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मला माझ्या वाडीत जावं लागेल. त्याआधी थोडं निवडून-पाखडून घेऊ.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. टोपल्या उतरतात, बोली लागते, आणि कडेला बसलेली बाई गिऱ्हाइकाशी गप्पा मारत कोयत्याच्या घावात सुरमईचे तुकडे पाडते. माझी आई जिवंत कुर्ल्यांचे डेंगे मोडून त्या टोपात टाकायची आणि त्याच हातानं माझ्या डोक्याला तेल लावायची. याला मी क्रौर्य म्हणत नाही. (शाकाहारी वाचकांनी इथे रागावू नये, त्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला खोडायचाही नाही.) मारणं आणि छळणं या दोन गोष्टी आहेत. मारणाऱ्याला पोट असतं. छळणाऱ्याला प्रेक्षक लागतो, निदान स्वतःपुरता तरी.

पावसाळा सरत आला की चतुर येतात. त्यांच्या शेपटीला दोरा बांधून आम्ही विमानं उडवायचो, पायांत बारीक खडे धरायला लावायचो. कोकणातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसानं हे केलेलं नसेल तर तो मुंबईत वाढलेला असणार. पुढे छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली तेव्हा तोच खेळ मी टेबलापलीकडून बघितला. पहिली-दुसरीतलं पोर दोरा बांधतं तेव्हा त्याला चतुर दिसतच नसतो, विमान दिसत असतं. सातवीतला मुलगा जेव्हा शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून दोरा आणखी ताणतो, तिथून आपला विषय सुरू होतो. त्याला कळतं आहे की दुखतं. चतुराला दुखतं, तिला दुखतं. आणि कळतं म्हणूनच तो ताणतो आहे.

म्हणून मला बिबट्याला क्रूर श्वापद म्हणणं आवडत नाही, आणि क्रूर माणसाला पशू म्हणणं तर त्याहून नाही. मांजर उंदराशी तासभर खेळते तेव्हा उंदराच्या मनात काय चाललं आहे याची कल्पना तिला नसते. माणसाला असते. दुसऱ्याचं दुखणं आपल्या आत उमटवून घेण्याची जी शक्ती आपल्याला आजाऱ्याच्या उशाशी बसवते, तीच छळायलाही लागते. आपल्या भाषेला हे कधीच कळलेलं आहे. निर्दय माणसाला आपण काळीज नसलेला म्हणतो ते रागाच्या भरात. नीट विचार करून म्हणतो तेव्हा 'उलट्या काळजाचा' म्हणतो. काळीज तेच. फक्त पालथं घातलेलं.

आता रक्ताचा मुद्दा. तो झटकून टाकण्यासारखा नाही. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या एका टोळीनं शेजारच्या, त्यांच्यातूनच फुटून निघालेल्या छोट्या टोळीतले नर एकेक करून गाठून मारले. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नोंदवून ठेवलं, आणि चिंपांझी म्हणजे शांत मंडळी ही आधीची समजूत गेली. सुदानमध्ये नाईलकाठी जेबेल सहाबा इथे सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची साठेक माणसं पुरलेली सापडली. कित्येकांच्या हाडांवर भाल्याबाणांच्या जखमा आहेत, काही भरून आलेल्या आणि काही पुन्हा झालेल्या. तेव्हा खोतही नव्हते, सावकारही नव्हते. म्हणजे माणूस आधी साधाभोळा होता आणि मग बिघडला ही गोष्ट मुलांना सांगायला ठीक. पण चिंपांझीइतकाच जवळचा आपला दुसरा चुलत भाऊ म्हणजे बोनोबो. त्यांच्यात अशी टोळीयुद्धं कुणी नोंदवलेली नाहीत. चुलत भावांवरून माणूस ओळखायचा तर कुठला भाऊ धरायचा हे आपणच ठरवतो, आणि जो धरतो त्यावरून आपलं मत आधीच ठरलेलं होतं हे कळतं.

तेव्हा वाडीत जाऊ.

गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून आहेत, आणि रायगड-रत्नागिरीत असं गाव शोधायला लांब जावं लागत नाही. १९७४-७५चा सुमार असेल, मी चौथीत होतो. वरच्या आळीतल्या एका घरानं गडग्याच्या, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाच्या, भांडणात गावकीचा निवाडा मानला नाही आणि तालुक्याला जाऊन दावा लावला. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, असताना बैठक बसली. मुंबईचे चाकरमानी आलेले, त्यांच्या मंडळाचा शब्द वजनदार. ठरलं की त्या घराशी बोलणं बंद, देणं-घेणं बंद, विस्तव बंद. जो बोलेल त्याला एकावन्न रुपये दंड. एकावन्न रुपये म्हणजे आमच्या घरात महिन्याचं मीठ-मिरची-रॉकेल.

कुणी त्यांना मारलं नाही. शिवी दिली नाही. मला आठवतं ते सगळं नुसतं न करणं आहे. पालखी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. गिरणीवाल्यानं तांदळाचा डबा न दळता ओट्यावर तसाच ठेवला आणि दुसऱ्याचा घेतला. लावणीला त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. घरच्या माणसांच्यानं होईना, वेळ टळली आणि तरवा जागेवर पिवळा पडला. विहिरीवर त्या घरची बाई आली की बाकीच्या आपापले पोहरे उचलून बाजूला उभ्या राहत, तिचं भरून होईपर्यंत गप्प. माझी आई त्यांतच असे. घरी येऊन चुलीपुढे बसली की म्हणायची, "तिचे हात बघवत नाहीत. एकटीनं सगळा चिखल तुडवलीन." आणि दुसऱ्या दिवशी पोहरा उचलून परत बाजूला.

त्या घरातला मुलगा माझ्या बाकावर बसायचा. त्याला बाळ्या म्हणू. पावसाळ्यातली एक दुपार, मधली सुट्टी. त्यानं चड्डीच्या खिशातून फणसाच्या भाजलेल्या आठळ्या काढल्या, अजून कोमट होत्या, आणि काही न बोलता चार माझ्या हातावर ठेवल्या. बोलायचं नाही हे त्यालाही माहीत होतं. मी मूठ मिटली. मग वर बघितलं तर खिडकीच्या गजांपलीकडे तिघं-चौघं उभे. मी मूठ उघडली, आठळ्या त्याच्या पायाशी टाकल्या आणि एक टाचेनं चिरडली. खिडकीतून हशा आला.

पन्नास वर्षं झाली, आता लपवून करायचं काय? त्या क्षणी मला बरं वाटलं. छातीत ऊब आल्यासारखं वाटलं. पुढे अनेकदा हे उकरून बघितलं की ती मजा नक्की कशाची होती. बाळ्याचा चेहरा पडला त्याची म्हणावी, तर त्याचा चेहरा मला आठवतच नाही; मी तो बघितलाच नव्हता. मी खिडकीकडे बघत होतो.

पुढच्या वर्षी आषाढात त्या घरातली म्हातारी गेली. घरात पुरुषमाणसं तीन, तिरडीला खांदे चार. आम्ही कंदील बारीक करून पडवीत बसलो होतो. रडणं ऐकू यायचं, पावसाची सर आली की बुडायचं, सर गेली की परत यायचं. बाबा एकदा उठले, खुंटीवरचं इरलं काढलं, आणि परत अडकवून बसले. तेवढ्यात पाखाडीनं एकजण इरलं पांघरून वर चढताना दिसला. चालीवरून ओळखला. शिमग्याच्या बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं बोललेला तो. चौथा खांदा त्यानं दिला, सरण रचेपर्यंत थांबला, भिजत परत आला. आठवड्यानं गावकीनं त्याच्याकडून एकावन्न रुपये घेतले. त्यानं हुज्जत न घालता मोजले. आणि पुढच्या शिमग्यात वाळीत चालू ठेवायचं की उठवायचं हा विषय निघाला तेव्हा त्यानं चालू ठेवायला हात वर केला. बाबांनी त्याला वाटेत गाठून विचारलं, तेव्हा म्हणाला, "ती गावकी होती. ही म्हातारी होती."

या माणसाला कुठल्या खणात ठेवायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मुळातच क्रूर म्हणावं तर त्या रात्री वाडीत खांदा दिलेला तो एकटा. मुळातच दयाळू म्हणावं तर पुढचं वर्षभर त्या घराची चूल ज्या हातांनी एकटी पाडली त्यांत त्याचा एक. तिसऱ्या वर्षी त्या घरानं दावा काढून घेतला, नारळ ठेवला, दंड भरला, आणि त्याच रात्री आमच्याकडून त्यांच्याकडे फणसाच्या भाजीचा टोप गेला. जणू काही झालंच नव्हतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. माणसात जन्मतः काही असेल तर ती वाळीत पडायची भीती आहे. एकट्या माणसाला शिकारही जमत नव्हती आणि लावणीही जमत नाही. कळपाबाहेर पडलेला मरतो हे हाडांत भिनलेलं असणारच. क्रौर्य बहुतेक वेळा त्या भीतीच्या पोटी येतं. आपण रिंगणाच्या आत आहोत हे सिद्ध करायची ती एक पावती असते, आणि पावतीवर नाव दुसऱ्याचं असतं. वाळीत टाकण्याची रीत एवढी बेमालूम चालते ती याचसाठी, की तिच्यात शिक्षा आणि इंधन एकच आहे. एका घराला जे भोगायला लावायचं, त्याच्याच भयानं बाकीची दोनशे घरं राबतात.

हे एका वाडीवरून काढलेलं अनुमान आहे असं कुणी म्हणेल. मग जरा दूरचं बघू. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुफ या गावाबाहेर जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी उभी होती. पाचेकशे माणसं, बहुतेक हँबर्गची, चाळिशीच्या आसपासची. गोदीतले कामगार, ट्रक चालवणारे, कारकून. त्यांना गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायला सांगण्यात आलं, बायका-मुलं धरून. त्यांचा प्रमुख स्वतः डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की ज्या वयस्कांना हे झेपणार नाही त्यांनी रांगेबाहेर यावं. बाहेर आले ते सुमारे डझनभर. आलेल्यांना कुणी फाशी दिलं नाही, तुरुंगात टाकलं नाही. त्या दिवशी दीड हजाराच्या आसपास माणसं मारली गेली. संध्याकाळी मारणाऱ्यांना जेवण गेलं नाही, दारू मात्र भरपूर गेली. पुढे ते सरावले, आणि युद्ध संपेपर्यंत ही तुकडी हजारोंच्या मृत्यूला कारण झाली.

१९६०च्या दशकात त्यांतल्या दोनशेवर माणसांच्या जबान्या झाल्या. जे रांगेबाहेर पडले होते ते म्हणत, आम्ही फार कमकुवत होतो. 'हे पाप आहे' असं म्हणणं सोबत्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं. 'मला झेपत नाही' म्हटलं की रिंगण शाबूत राहतं. आणि जे बाहेर पडले नाहीत त्यांतल्या कित्येकांना बंदुकीपेक्षा जवळची भीती होती ती सोबत्यांवर काम ढकलून भेकड ठरण्याची. हे वाचलं तेव्हा मला ती खिडकी आठवली. आठळ्या आणि गोळ्या एका मापानं मोजायच्या नाहीत, एवढं मला कळतं. पण मान वळते ती त्याच दिशेला.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांचा प्रयोग आता बहुतेकांना ऐकून माहीत असतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६१ मध्ये त्यांनी साध्या माणसांना बोलावून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, ओरडणं नाटकी होतं, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. चाळिसांपैकी सव्वीसजण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा आपण नेहमी ऐकतो आणि रिक्षावाल्यासारखे सुस्कारा टाकतो. त्याच मालिकेतला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही. एका फेरीत शेजारी आणखी दोघं बसवले होते, आणि ते मधेच उठून म्हणाले, आम्ही नाही करणार. त्या फेरीत शेवटपर्यंत गेले ते चाळिसांपैकी चार. माणसं तशीच, खोली तशीच, हुकूम देणारा तोच. फरक पडला तो शेजारचा उठला म्हणून.

आणि स्टॅनफर्डचा तो १९७१चा तुरुंगाचा प्रयोग, विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते आपोआप राक्षस झाले म्हणून जो सांगितला जातो, त्याच्या जुन्या ध्वनिफिती पुढे बाहेर आल्या. त्यांत पहारेकऱ्याला सांगितलं जातं आहे, की जरा कडक हो, आम्हाला तसे पहारेकरी हवे आहेत. म्हणजे आपोआप काही उगवलं नव्हतं. गादीवाफा तयार करून पेरणी झाली होती.

कोकणाला हे शिकायला पोलंडला जायची गरज नाही म्हणा. महाडचं चवदार तळं आमच्याच पट्ट्यातलं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं, कागदावर. गुरंढोरं त्यात पाणी पीत होती, अस्पृश्य पीत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंचा समुदाय घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. सभेची माणसं मंडपाकडे परतून जेवणाच्या गडबडीत असताना गावात आवई उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्याकाठ्या निघाल्या. पुढे १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी केली, शेण, गोमूत्र, दही, दूध ओतून. मारहाणीपेक्षा मला या घागरी जास्त घाबरवतात. मारहाण ही आवेगाची गोष्ट म्हणता येईल. १०८ घागरी मोजाव्या लागतात. कुणीतरी त्या धुतल्या असतील, कुणीतरी यादी केली असेल, घरी जाऊन बायकोला म्हटलं असेल, दमलो बुवा आज. त्या माणसाच्या रक्तात काही निराळं नव्हतं. तळ्याचा दावा मग दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल लागला.

पण त्याच महाडमध्ये आंबेडकरांच्या बाजूनं उभे राहिलेले सवर्णही होते. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, ते तर ब्राह्मण घरातले. त्यांनी जातीचा रोष अंगावर घेतला. त्यांना माणुसकी जास्त होती असं म्हणून त्यांचा फोटो लावणं सोपं. माझ्या लेखी त्यांचं मोल वेगळं आहे. रिंगणातून उठून जाता येतं आणि त्यानंतरही माणूस जिवंत राहतो, हे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं.

इथे कुणी अडवेल. छळण्यात खरोखरच रस असलेली, खिडकीत कुणी नसतानाही आठळी चिरडणारी माणसं नसतात का? असतात. छत्तीस वर्षांत मला अशी दोन मुलं भेटली आणि त्यांच्यापुढे मी हरलो हे कबूल आहे. पण अशा दोघांच्यानं गाव वाळीत पडत नाही. त्याला गिरणीवाला लागतो, विहिरीवरच्या बायका लागतात, आणि कंदील बारीक करून बसणारा माझा बाप लागतो.

स्वभावच बदलत नाही म्हणणाऱ्यांना मी वेळासला जाऊन या म्हणतो. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी पूर्वी उकरून खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, घरोघर पाहुणे राहू लागले. आता अंड्यांवर गावाचाच पहारा असतो. अंडी खाणं हे काही क्रौर्य नव्हतं, ते पोट होतं. मी आधी केलेली विभागणी मोडत नाही. पैसा आला म्हणून माया आली असंही कुणी नाक मुरडून म्हणेल. येऊ दे की. एका पिढीच्या आत गावानं काय करायचं आणि कशाची लाज वाटायची हे बदललं, आणि तेवढ्यात कुणाचं रक्त बदललं नव्हतं.

राहिला कायदा. मुंबई राज्यानं १९४९ मध्येच बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. बाळ्याच्या घराची तीन वर्षं नेमकी या पोकळीत गेली. (अर्थात त्याच्या आज्यानं कायद्याचं पुस्तक दाखवलं असतं तरी गावकीनं ते सहाणेवर ठेवून नारळ फोडला असता.) रायगड-रत्नागिरीतली प्रकरणं एकामागोमाग चव्हाट्यावर आली, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यानं मन बदलत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मन राहू दे. कायद्यानं भित्र्या माणसाला सबब मिळते. बैठकीत उठून 'हा अन्याय आहे' म्हणायला छाती लागते. 'अरे, पोलीस केस होईल, नको ते लफडं' म्हणायला लागत नाही. युझेफुफच्या त्या डझनभर माणसांना जसं 'झेपत नाही' होतं, तसं आमच्या वाडीला 'केस होईल' हवं होतं. बाबांना तेवढा आधार मिळाला असता तर ते इरलं खुंटीवर परत गेलं नसतं असं मला वाटतं. माझा बाप होता म्हणून तसं वाटतं, हेही आहे.

शाळेतही मी हाच धंदा केला. एखाद्या पोराला वर्गानं टोचायला घेतलं की चिडवणाऱ्याला उभं करून फायदा नसे; तो दोन छड्या खाऊन हिरो होई. मी हसणाऱ्यांना उभं करायचो. एकेकाला नावानं विचारायचो, तुला काय गंमत वाटली ते सांग. सांगता यायचं नाही. वर्गात काही ठरवायचं असेल तर हात वर करायला लावत नसे, चिठ्ठ्या लिहून घेत असे. हात वर करताना पोरं फळ्याकडे बघत नाहीत, एकमेकांच्या हाताकडे बघतात. मुख्याध्यापकांना हे खूळ वाटायचं. ग्रामसभेत, सोसायटीत, गावकीत हेच खूळ का आणू नये, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता गावकीची बैठक मोबाईलवर भरते. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परळची, नालासोपाऱ्याची, विरारची माणसं एका ओटीवर बसल्यासारखी असतात. कुणाला वाळीत टाका असं तिथे कुणी लिहीत नाही. कायदा सगळ्यांना पाठ झाला आहे. गेल्या गणपतीत संदेश आला तो असा: 'या वर्षीच्या आरतीचा क्रम खालीलप्रमाणे.' खाली बावीस घरं. आमच्या वाडीत तेवीस आहेत. रस्त्याला जागा द्यायला नाही म्हणणारं तेविसावं. खाली पटापट अंगठे उमटत गेले, मी मोजले, एकोणीस. मी अंगठा दिला नाही आणि त्याबद्दल मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. 'तेविसावं घर राहिलं का रे?' एवढं एक वाक्य मी टाईप केलं होतं. ते पुसून फोन उशाखाली ठेवला.

गौरी आल्या त्या संध्याकाळी मी त्या घरी गेलो. आरतीला घरचे पाच, मी सहावा. ढोलकी नव्हती, एक मुलगा ताटावर चमचा वाजवत होता. आरती झाली. घरधन्यानं काही न बोलता माझ्या हातावर पंचखाद्य ठेवलं. मूठ मिटायच्या आधी मी दाराकडे बघितलं.